आधी सांगा, काय केलं?

"कूलर बंद!"

मे महिन्यातली दुपार, बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळलेलं, आणि मी नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीत आडवा होऊन जरा डोळा लागतोय न लागतोय, तोच मागच्या खोलीतून ही आरोळी यायची. मी दातांचा डॉक्टर. दवाखाना माझा, कूलर माझा, झोप माझी. तरी मुकाट्यानं उठून कूलरही बंद करायचो आणि पंखाही. कारण मागच्या खोलीत परातेजींनी डाख लावायचं, सोल्डरिंगचं आयर्न तापत ठेवलेलं असायचं.

"हवा लागली का डाख कच्चा राह्यते, डॉक्टरसाहेब. मंग मशीन चालते, पण मनातून चालत नाही," असं त्यांचं म्हणणं. मशीनला मन असतं का, असं मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "तुम्हाले झोपीतून उठवलं तं तुम्ही मनातून उठता का?"

गुलाबराव पराते माझ्याकडे कवळ्या बनवायचे. मूळचे उमरेडचे, घरी हातमागाचं काम. थोरला भाऊ अजून मागावर बसायचा, हे मात्र तरुणपणीच नागपूरला येऊन या धंद्यात पडले. मी पाटी लावली तेव्हा ते चाळिशीचे होते आणि मी पोरसवदा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा एक साचा परत माझ्या हातात ठेवला. "हे तोंड पेशंटचं नाही, हे तुमच्या घाईचं आहे," म्हणाले. मला राग आला होता. पण साचा खरंच चुकलेला होता, त्यामुळे राग गिळावा लागला.

दुपारी एक ते चार दवाखाना बंद असायचा. ते तीन तास परातेजींच्या हौसेचे. आधी ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचे, पुढे पंच्याऐंशीच्या सुमाराला त्यांना कॉम्प्युटरचं वेड लागलं. तेव्हा धंतोलीत कुणाचा भाऊ, कुणाचा जावई परदेशातून तो छोटा घरगुती कॉम्प्युटर घेऊन यायचा. वहीएवढा, रबरी बटणांचा. तो टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून त्यात प्रोग्राम भरायचा. दोन महिने घरात जत्रा, मग काहीतरी बिघडायचं आणि ते खेळणं कपाटावर जाऊन पडायचं, कारण ते दुरुस्त करणारा माणूस अख्ख्या नागपुरात कुणाला ठाऊक नव्हता. एका पेशंटनं असाच मेलेला कॉम्प्युटर परातेजींना देऊन टाकला. सहा महिने ते त्याच्या मागे होते. दात तपासायच्या आरशानं सोल्डरखाली वाकून बघायचे, दात कोरायच्या हत्यारानं जोड हलवून बघायचे, बारीक तार जागेवर धरायला कवळीचं मेण लावायचे. शेवटी एका दुपारी तो जिवंत झाला. त्यांनी मला ओढत नेऊन टीव्हीच्या पडद्यावरची अक्षरं दाखवली. पन्नाशीचा माणूस, पण डोळे असे चमकत होते की मला झोपमोडीचं काही वाटलं नाही.

त्यानंतर अशी मशीनं त्यांच्याकडे आपोआप यायला लागली. पण त्यांचा एक नियम होता. कुणीही मशीन आणलं की ते स्क्रूला हात लावायचे नाहीत. आधी समोर स्टूल ठेवायचे आणि विचारायचे, "आधी सांगा, काय केलं?"

"काही नाही केलं, आपोआप बंद पडला," असंच सगळे म्हणायचे. परातेजी हात बांधून बसून राहायचे. "आपोआप तं माणूस मरते. मशीनले कोणीतरी मारते. खोटं सांगसान तं मी चुकीच्या जागी आयर्न लावीन." मग हळूहळू निघायचं. चहा सांडला. चालू असताना मागची वायर उपटली. एकदा एका नामांकित सर्जनला त्यांनी अर्धा तास स्टुलावर बसवून ठेवलं होतं, तेव्हा कुठे सर्जनसाहेबांनी चहा कबूल केला.

काम झालं की जळका भाग ते गोळ्या द्यायच्या छोट्या कागदी पाकिटात घालून मालकाला परत करायचे. वर सुवाच्य अक्षरात नाव आणि त्याखाली कारण. "कारण : चहा." "कारण : मुंग्या." लोक हसत हसत न्यायचे.

माझ्या घरीही तसाच एक कॉम्प्युटर होता. माझा नव्हे, बायकोचा. सुधा मुलींच्या कॉलेजात गणित शिकवायची आणि तिच्या भावानं तो तिच्यासाठी पाठवला होता. कॉलेजात कॉम्प्युटरचा वर्ग सुरू करावा असं तिनं मनावर घेतलं होतं. मे महिन्याच्या शेवटी कमिटी बसणार होती आणि कमिटीसमोर सुधा तो चालवून दाखवणार होती. तीन समीकरणांच्या तीन वक्ररेषा, एक लाल, एक हिरवी, एक पिवळी, एकमेकींना कुठे छेदतात ते पडद्यावर दिसायचं. त्यासाठी ती दोन महिने खपत होती.

कमिटीच्या आठ दिवस आधी ती दोन रात्रींसाठी माहेरी अमरावतीला गेली. जाताना अडॅप्टर कपाटात ठेवून किल्ली घेऊन गेली, कारण नवऱ्याला ती ओळखून होती. मला त्याच्यावरचा तो किडे मारायचा खेळ खेळायचा होता. म्हटलं, अडॅप्टर नसला तर नसला, टेपरेकॉर्डर विजेवर चालवायचा एलिमिनेटर आहे की! तोही नऊ व्होल्टचा, पिनही तीच. लावला. टिक् असा आवाज आला, उग्र वास आला आणि खेळ संपला. पिन तीच असली तरी आत प्लस-मायनस उलटं होतं.

सुधा परत आली तेव्हा मी सांगितलं, "वीज एकदम वाढली गं. ट्यूबलाइट भकभक करत होती." इतकं सफाईनं बोललो की माझं मलाच खरं वाटलं.

परातेजींनी माझ्यासमोरही स्टूल ठेवलं. "आधी सांगा डॉक्टरसाहेब, काय केलं?"

"मी काय करणार? वीज वाढली."

त्यांनी चष्मा वर सारला. मग म्हणाले, "तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तं कोणावर ठेवायचा?" आणि स्क्रू खोलायला घेतले.

चार दुपारी कूलर बंद. वीज वाढली असेल तर कुठून शिरली, कुठे कुठे गेली, हे ते शोधत होते. अडॅप्टर उघडला, चांगला निघाला. मग टीव्हीला चित्र पाठवणारा भाग एकेक जोड तापवून पाहिला. पाठीवरून घामाच्या धारा आणि तोंडानं एकच, "काहून सापडून नाही राहिलं?" सुधा रोज चार वाजता दवाखान्यात येऊन दारात उभी राहायची. चौथ्या दिवशी तिचा चेहरा बघून माझा धीर सुटला. ती गेल्यावर मी मागच्या खोलीत गेलो, आपण होऊन स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं.

परातेजींनी आयर्न खाली ठेवलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "म्हणजे चार दिवस मी तुमच्या खोट्याले डाख लावून राहिलो होतो," एवढंच म्हणाले. मग दहा मिनिटांत जळका भाग काढला, जुन्या ट्रान्झिस्टरमधून शोधून दुसरा बसवला आणि मशीन सुरू झालं. फक्त रंग आले नाहीत. सगळं काळं-पांढरं. आता दुसरा भाग मिळायला वेळ नव्हता.

पाकीट त्यांनी मालकाच्या, म्हणजे सुधाच्या, हातात दिलं. "कारण : उलटं कनेक्शन." तिनं विचारलं, "कोणी केलं?" परातेजी म्हणाले, "मले मशीनचं विचारा, बाईसाहेब." आणि चष्मा पुसायला लागले. मग मलाच म्हणावं लागलं, "मी."

कमिटीसमोर तिन्ही रेषा पांढऱ्याच दिसल्या. कुठली कुठली ते कुणाला कळेना. एक सदस्य म्हणाले, "हे तर फळ्यावर खडूनंही होतं की, मॅडम." वर्ग एका वर्षानं लांबला. सुधा माझ्याशी बरोबर चार दिवस बोलली नाही. परातेजींचे जितके दिवस फुकट गेले, तितके. आणि पुढे कुठलाही विषय निघो, भाजीत मीठ कमी असो की पाहुणे येवोत, फिरून गाडी तिथेच यायची : "तुमच्यामुळे माझे रंग गेले." मी ऐकून घ्यायचो. खरंच होतं ते.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात परातेजींनी काम सोडलं. हात कापायला लागला होता. उमरेडला भावाकडे जाणार होते. जायच्या आदल्या दुपारी त्यांनी सुधाला कॉम्प्युटर घेऊन दवाखान्यात बोलावलं. कुठल्याशा भंगारातल्या कॉम्प्युटरमधून काढलेली रंगांची एक चिप त्यांच्याजवळ होती.

"कूलर बंद," ते हळूच म्हणाले. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी जुनी चिप काढली आणि नव्या चिपचा एकेक पाय जोडला. तासभर लागला. सुधानं कॅसेट लावली आणि पडद्यावर लाल, हिरवी, पिवळी रेषा उमटली. तिनं तोंडावर हात ठेवला.

परातेजींनी नेहमीसारखं स्टूल ओढलं, पण बसले त्यावर स्वतः.

"आज मी सांगतो, काय केलं. रंग डॉक्टरसाहेबांनी नव्हते घालवले. चौथ्या दिवशी, डॉक्टरसाहेबांनी सांगायच्या आधी, जुन्या चिपवर माह्या हातून आयर्न जास्त वेळ टेकलं. मले तेव्हाच समजलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. चार वर्षं मी बोलणी खाल्ली होती!

"सांगणारच होतो. तेवढ्यात तुम्ही येऊन बसले. तुमचं खोटं निघालं अन् मी लय मोठा झालो. मंग खाली उतरताच आलं नाही." त्यांनी ती जळकी चिप घातलेलं पाकीट सुधापुढे धरलं. "कारण : गुलाब पराते." म्हणाले, "तुमचं खोटं चार दिवसांचं होतं डॉक्टरसाहेब, माह्यं चार वर्षांचं. बाईसाहेब, त्यांच्याशी चार दिवस नव्हत्या बोलल्या. माह्याशी बी नका बोलू."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "अहो, मी खरं सांगितलं असतं तर तुमचं आयर्न त्या चिपकडे गेलंच नसतं!" त्यांनी मान हलवली, पण नजर सुधावरच होती. सुधानं पाकीट पर्समध्ये ठेवलं, कॉम्प्युटर उचलला आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

घरी मी तिच्यावर भडकलो. म्हाताऱ्या माणसाला असं पाठवतात का? ती शांतपणे म्हणाली, "त्यांनी मागितलंय ते त्यांना मिळू दे. नाहीतर ते जन्मभर स्वतःशीच बोलणार नाहीत." मग विचारलं, "उमरेडची गाडी किती वाजता असते?"

पाचव्या दिवशी आम्ही छोट्या लायनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं उमरेडला गेलो. भावाच्या घरातून मागाचा खटखट आवाज येत होता आणि परातेजी ओसरीवर नुसतेच बसले होते. आम्हाला बघून घाईनं उठले, शर्टाची बटणं लावायला लागले, ती काही लागेनात. सुधानं पर्समधून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. "कारण : गुलाब पराते" याच्यापुढे तिनं आपल्या अक्षरात लिहिलं होतं, "आणि आमचे हे."

त्यांनी ते दोनदा वाचलं. सुधा समोरच्या खाटेवर बसली, पदरानं घाम टिपला आणि म्हणाली, "हं परातेजी, आधी सांगा, काय केलं चार दिवस?"

परातेजींनी पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं.

"वाट पाह्यली, बाईसाहेब," ते म्हणाले.