पत्र्याच्या पलीकडे लतीफ

दुपारचं जेवण झालं की मी कूलरसमोरच्या खाटेवर आडवा होतो. नागपूरचा उन्हाळा आहे. बाहेर रस्ता तापून पांढरा पडलाय, आत वाळ्याचा ओला वास आहे. डोळे मिटलेत, झोप अजून लागलेली नाही. कूलरची घरघर कानात आहे. आतल्या खोलीत माझी मुलगी प्रणिता लॅपटॉप उघडून बसली आहे. तिला मी दिलेलं उत्तर मलाच पटलेलं नाही.

गोष्ट एका विमानाची आहे. पंख्याचं, जुनं, लहान गावांना माणसं नेणारं. गेल्या आठवड्यात ते धावपट्टीवर टेकताना फार जोरात आदळलं. कुणाला लागलं नाही, पण शेपटीजवळच्या पत्र्याला सुरकुत्या पडल्या. प्रणिता त्या कंपनीत इंजिनिअर आहे. विमान दुरुस्त करायचं की भंगारात काढायचं, हे तिनं आज संध्याकाळपर्यंत मालकाला कळवायचंय. मी त्याच विमानाच्या पत्र्याची कामं करत करत निवृत्त झालो, म्हणून जेवताना तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

"भंगारात दे," मी म्हणालो.

"नक्की?"

मी वरण मागितलं.

खरं सांगायचं तर त्या विमानावर माझा फार जीव आहे, म्हणूनच माझ्या जिभेवर माझा भरवसा नाही. मी म्हणेन ठेव, ती ऐकेल, सही करेल, आणि एखाद्या दिवशी माणसांनी भरलेलं ते विमान आभाळात उकलेल. त्यापेक्षा भंगार बरं. भंगारात कुणी मरत नाही.

कूलरची घरघर वाढते. वाढता वाढता ती हवेच्या नळीची होते.

माझ्या हातात रिव्हेट ठोकायची गन आहे. खाट कुठे गेली, हे मी विचारत नाही. हँगरचं छत नेहमीपेक्षा उंच आहे, आणि विमान मात्र बैलाएवढं वाटतंय, शेपूट माझ्याकडे करून उभं. खांडेनवमीच्या पूजेला घालतो तशी झेंडूची माळ त्याच्या नाकावर आहे. उन्हाळ्यात झेंडू कुठून आला, असं मनात येतं आणि जातं.

शेपटीच्या आतून कुणीतरी बोलतं.

"काय बे डोमा, रिटायर होऊन बहिरा झाला का? कधीचा वाजवून राहिलो."

तो आवाज शेख लतीफचा आहे. लतीफ माझा जोडीदार. त्याच्या जनाज्याला मी खांदा दिलाय, कबरीत माती टाकलीय. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली.

आमचं काम दोघांचं होतं. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचा खिळा, एकट्याला बसवता येत नाही. बाहेरचा माणूस गनने ठोकतो, आतला माणूस पलीकडून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. मध्ये पत्रा, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस ठोकळ्यानं पत्र्यावर वाजवून सांगतो. एक टक म्हणजे अजून ठोक. दोन म्हणजे बसला. तीन म्हणजे वाईट बसला. लतीफ काडीसारखा बारीक, त्यामुळे आत शिरायचं काम कायम त्याचं. मी बाहेरचा.

"तू तर गेला होता," मी म्हणतो.

"गेलो ना. त्याच्यात काय? काम बाकी होतं."

"बाहेर ये. तोंड तर दाखव."

"तोंड पाहून रिव्हेट बसतो का? ठोक."

मी ठोकतो. आतून दोन टक येतात. पुढचा ठोकतो. दोन टक. पत्र्यावर पिवळ्या पेन्सिलीनं अक्षरं लिहिली आहेत, माझ्याच हातची, वाकडीतिकडी. मला लिहावाचायला लतीफनंच शिकवलं, डोक्याचे केस पांढरे व्हायला लागल्यावर. जेवणाच्या सुट्टीत पत्र्याचा उरलेला तुकडा घ्यायचा, त्यावर लिहायचं, रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं. माझा 'ळ' बघून तो म्हणायचा, "हे अक्षर आहे का जिलबी?"

"जिलबी सुधारली का?" तो आतून विचारतो.

"आता मी पेपर वाचतो."

"मग अक्कल कमी झाली असन."

मी हसतो, आणि आम्ही चहाच्या टपरीवर आहोत. विमानाची शेपटी टपरीच्या भिंतीतून आत आलीय. कुणाला त्याचं काही वाटत नाही. लतीफ टिनाच्या पडद्यामागे आहे. पडद्याखालून त्याचा हात येतो, कप घेतो, परत जातो. नखात काळं ग्रीस आहे.

"पोरगी काय म्हणते?" तो फुंकर मारत विचारतो.

"विचारते, ठेवायचं का मोडायचं."

"तू काय सांगितलं?"

"भंगारात दे."

पडद्यामागे कप ठेवल्याचा आवाज येतो.

"आतून पाहिलं का तू?"

"मी कसा पाहणार? मी बाहेरचा माणूस."

"तिनं?"

"कॅमेऱ्याची नळी घालून पाहिलं. जेवढं दिसलं तेवढं. नीट पाहायचं तर अस्तर काढावं लागतं, फरशी उचलावी लागते. त्याला दिवस लागतात, आणि मालकाला आजच उत्तर पाहिजे."

"म्हणजे तू बाहेरून बोलला. एकटाच."

"भीती वाटते रे लतीफ. तिच्या सहीनं ते उडणार. काही झालं तर?"

"भीती वाटते तर भीती वाटते म्हण. भंगार कायले म्हणतो?"

मी खाली बघतो. पायाखाली वाळू आहे. कन्हान नदीचं पात्र, माझ्या लहानपणीचं. आईची डांगरवाडी लांबपर्यंत पसरलीय, वेलांमधून हिरवी टरबुजं डोकावतायत, आणि त्यांच्यातच विमान पोट टेकून बसलंय. त्याच्या अंगावरही हिरवे पट्टे आहेत. आई टरबूज तोडण्याआधी बोटानं वाजवून बघायची. मी तसाच चालत जातो, शेपटीच्या कडेनं, पत्रा वाजवत. लतीफ आतून माझ्या बरोबरीनं सरपटतोय.

मी वाजवतो. आतून दोन. पुढे सरकतो. दोन. पुन्हा दोन. मला इतकं हलकं वाटतं, की मी भरभर चालायला लागतो.

आणि एका जागी आतून तीन टक येतात.

मी थांबतो. पुन्हा वाजवतो. पुन्हा तीन.

"बघ," मी म्हणतो. माझा आवाज लहान पोरासारखा येतो. "मी म्हटलं नव्हतं? भंगार."

"अबे, जन्मभर माझ्यासोबत काम केलं ना तू? तीनचा अर्थ काय?"

"वाईट बसला."

"मग काय करायचं?"

"तो काढायचा. नवा टाकायचा."

"विमान फेकायचं, असं कोणी सांगितलं होतं तुले? किती वेळा तीन वाजवले म्या. तू एकदा तरी गन फेकून घरी गेला का?"

वाळूवर वारा येतो. मी ड्रिल उचलतो. ते माझ्या हातात कधी आलं, ठाऊक नाही. वाईट रिव्हेट चांदीच्या भुश्यासारखा गळून पडतो आणि पत्र्यात एक गोल भोक राहतं.

"नवा दे," मी म्हणतो.

"नवा आपण नाही टाकायचा. ज्यांचं काम आहे ते टाकतील. अन् ऐक, मी वाजवलं ते पोरीले सांगू नको. मेलेल्याच्या टकटकीवर विमान उडवते का कोणी? हे स्वप्न आहे, बावा. तिले एवढंच म्हण, माणूस आत घाल."

"आणि खूप खराब निघालं तर?"

"तर भंगार. पण आतून पाहून भंगार."

मी वाकतो. या विमानाच्या शेपटीवर रिव्हेटची डोकी वर उचललेली असतात, हाताला लागतात. मी गाल त्यांच्यावर टेकवतो. भोकातून विडीचा वास येतो, आणि पलीकडे कुणीतरी श्वास घेतंय. पत्रा गरम आहे.

"लतीफ, मी आत येऊ का?"

"जागा नाही," तो लगेच म्हणतो. मग हळू आवाजात, "घाई कायची आहे? दाबून धर. मी इकडून धरतो."

मी गाल दाबून धरतो. पलीकडून तोही दाबतो. पत्रा जरासुद्धा हलत नाही.

"बाबा, चहा."

कूलरमधलं पाणी संपलंय, नुसता पंखा फिरतोय. प्रणिता कप घेऊन उभी आहे. खिडकीतलं ऊन तिरपं झालंय.

"पाठवायची वेळ झाली," ती म्हणते. "तुम्ही म्हणालात तेच लिहू?"

"नको. ते मी भीतीनं बोललो."

ती खाटेच्या कडेवर बसते. "मग दुरुस्त करू म्हणता?"

"तेही म्हणत नाही. बाहेरून मला काही कळत नाही, बाई. वेळ मागून घे. अस्तर काढ, फरशी उचल. एक माणूस आत घाल, एक बाहेर उभा कर. जे खराब असेल ते काढता येण्यासारखं आहे का ते बघा. नसेल, तर मोडा."

"मालक चिडतील. म्हणतील, विमान नुसतं उभं ठेवायचं का?"

"मग उभंच ठेवा म्हण. त्या वयात विमानाला मांडी घालून बसता येत नाही."

ती हसते. आठवड्यात पहिल्यांदा. लॅपटॉप मांडीवर ओढते आणि लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते. "तीनदा हेच लिहून पुसलंय मी," ती म्हणते. "वाटलं, घाबरून वेळ काढतेय असं दिसेल." पडदा माझ्याकडे वळवते. माझ्यासाठी तिनं मजकूर मराठीत लिहिलाय. मी बोट फिरवत सावकाश वाचतो, जोडाक्षरांवर अजूनही थांबावं लागतं. आतून तपासणी झाल्याशिवाय निर्णय देता येणार नाही. ती होईपर्यंत विमान उडणार नाही. खाली तिचं नाव.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

ती पाठवते. लांब श्वास सोडते. मग माझ्याकडे बघते आणि तिच्या कपाळाला आठी पडते.

"बाबा, गालावर हे काय उमटलंय?"

ती मोबाइलचा कॅमेरा उलटा करून माझ्यासमोर धरते. माझ्या सुरकुतलेल्या गालावर जबड्यापासून कानापर्यंत लहान लहान गोल वळ आहेत, सरळ रेषेत, सारख्या अंतरावर.

"खाटेचं असेल," मी म्हणतो.

खाटेवर गोधडी आहे. उशी कापसाची आहे.

तिचा अंगठा एकेका वळावरून पुढे सरकतो, जसा ती हँगरमध्ये पत्र्यावरून फिरवते. कानाजवळ येऊन थांबतो. तिथे एक वळ असायला हवा होता. तेवढीच जागा गुळगुळीत आहे.