लाओशी आणि माझा शनिवार

लाओशी कुणालाही 'गुड मॉर्निंग' म्हणत नसे. स्टाफरूमचं दार ढकलून आत आली, की समोर दिसेल त्याला विचारायची, "खाना खाया?" प्रिन्सिपल असोत नाहीतर सफाईवाला, प्रश्न तोच. दुबईतल्या आमच्या शाळेत ती चिनी भाषा शिकवायची. चिनीत शिक्षकाला लाओशी म्हणतात, म्हणून मुलं तिला तसं म्हणत आणि मुलांचं ऐकून आम्हीही. हिंदी तिने इंटरनॅशनल सिटीतल्या टॅक्सीवाल्यांकडून उचलली होती आणि व्याकरणाची फिकीर न करता ती दामटून बोलायची. मी गणिताची, डबा खाता खाता पेपर तपासणारी. ती माझ्या हातातलं लाल पेन सरळ काढून घ्यायची. "पहले खाना. गणित भागता नहीं."

शुक्रवारी शाळा सुटली, की ती 'मेरा गाव'ला निघायची. हे गाव म्हणजे शहराबाहेर, वाळूत वसवलेला तिच्या चुलतभावाचा मळा. भाऊ आणि वहिनी तिथे चिनी पालेभाज्या पिकवायचे आणि इथल्या चिनी हॉटेलांना पुरवायचे. "एक बार आओ, असली चायना देखो," असं ती मला म्हणायची आणि मी "इन्शाल्ला" म्हणून वेळ मारून न्यायचे. पण ती पिच्छा सोडणारी नव्हती.

शेवटी एका शनिवारी मी, नितीन आणि आमचा ओम असे तिघं गेलो. अल मनखूलच्या आमच्या घरून निघताना गाडीत मी दोन पराठे हाणले होते. मळ्यावर लाओशी अनवाणी आमच्यापुढे पळत होती. हा वाफा बघा, ती बदकं बघा, असं तिचं चाललं होतं. शाळेत इतकी खुललेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मग मांडवाखाली बशा आल्या: तोफू, शेंगदाणे, परतलेल्या हिरव्या भाज्या. "तुम्हारे लिए. नो मीट," ती म्हणाली. पण माझं लक्ष पलीकडच्या चुलीवर गेलं. तिथे एक काळीकुट्ट कढई होती आणि तिच्यात मांस रटरटत होतं. आमच्या घरात अंडंही येत नाही. सगळं त्याच कढईत केलं असणार असं मनाने घेतलं आणि मी बशी मागे सरकवली.

"सॉरी लाओशी," मी म्हणाले, "आज शनिवार. मेरा उपवास है."

"बट आई, यू एट पराठाज् इन द कार!" ओम ओरडला. नितीनने त्याच्या तोंडात शेंगदाणे कोंबले. लाओशीने ते ऐकलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. तिने हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "भगवान का काम? फिर मैं भी नहीं खाता. मेहमान भूखा, घरवाला कैसे खाएगा?"

सोमवारी तिने उपवासाला काय चालतं याची चौकशी केली. मी रताळी म्हणाले. वहिनीने मळ्यावर रताळ्यांचा वाफा लावला. थंडी पडली, तशी दर आठवड्याला माझ्या टेबलावर पिशवी येऊ लागली, "शनिवार के लिए." मी त्यांचा कीस करायचे आणि आम्ही तो रविवारी नाश्त्याला खायचो. "तुझ्या एका थापेवर शेती सुरू झाली," नितीन म्हणायचा, "आता तरी खरं सांग." सांगते, सांगते म्हणत मी दिवस ढकलले. ती रविवारी मळ्यावर बोलवायची, तर मी कधी ओमचा क्लास पुढे करायचे, कधी पाहुणे. मला लाज वाटायची आणि लाज वाटते म्हणून मी आणखी टाळायचे.

मग शाळेने चिनीचे वर्ग बंद केले आणि लाओशी कायमची परत निघाली. विमान शनिवारी संध्याकाळी होतं. मी दुपारी पोटभर जेवून तिला भेटायला गेले. खोली रिकामी झाली होती. तिने माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड दिलं. उघडलं, तर आत कढई होती.

"उस दिन के लिए नया लिया था. तुम्हारा सब इसमें बनाया. मीट कभी नहीं डाला. भाभी अलग रखता था." मग ती हसून म्हणाली, "मैं सोचा, एक दिन शनिवार नहीं होगा, तब तुम आएगा."

बोलायचं म्हणून तिचाच प्रश्न मी तिला विचारला, "लाओशी, खाना खाया?"

"नहीं. आज तुम्हारा शनिवार."

मी जेवून आलेय, हे तेव्हा तरी सांगायचं होतं. तोंडही उघडलं होतं. खालून टॅक्सीवाला ओरडला, "यल्ला मॅडम, लेट होगा!" तिने मला घट्ट मिठी मारली आणि बॅगा घेऊन ती उपाशी पोटी निघून गेली.

आता मी शनिवार करते, अगदी खराखुरा. बाजारातली रताळी आणून त्या कढईत परतते. देवाला यात काय मिळतं, ते देवच जाणे. लाओशीचा मेसेज अजूनही रोज येतो, "खाना खाया?" मी जेवले की नाही ते कळवते.

शनिवारी मात्र ती विचारत नाही.