आबासाहेबांचे खून आणि आमची रंगपेटी

पुस्तकं विकत आणावी लागतात, किस्से मात्र ग्रंथालयात आपोआप साचतात. त्यात रविवारी लेकरं आली की विचारायलाच नको.

मी नागपुरातल्या एका लहानशा ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आबासाहेब आमच्याच शहरातले नावाजलेले रहस्यकथाकार. एकेकाळी त्यांच्या कादंबऱ्यांसाठी लोक नंबर लावायचे, आता त्या कपाटाकडे कुणी फिरकत नाही. म्हणून मी एक युक्ती काढली. खुनी सापडायच्या आधीपर्यंत गोष्ट सांगायची, त्या प्रसंगाचं चित्र रंगवायला द्यायचं आणि रंगवता रंगवता लेकरांनी खुनी ओळखायचा.

*

पहिल्याच रविवारी एका पोराने प्रेताला पिवळाधम्मक टी-शर्ट घातला, वर गालात हसू. मी म्हटलं, अरे, याचा खून झालाय. तो म्हणाला, "पण कपडे घालताना त्याले कुठं माहीत होतं, मॅडम?"

*

दुसऱ्या चित्रात भर सकाळी पलंगावर पडलेला माणूस. सगळ्यांनी तो निळा-काळा करून मारून टाकला. हिंगण्याच्या कारखान्यात ज्याचे वडील पाळीवर जातात त्या पोराने मात्र त्याच्या अंगावर पांघरूण काढलं आणि मलाच दटावलं, "मेला नाही जी तो. रात्रपाळी करून आला असन. हळू बोला."

*

मग एका आजीबाईंचा फोन आला. विषप्रयोगाची गोष्ट ऐकल्यापासून नातू जेवत नव्हता. आधी सुनेने घास खाऊन दाखवावा, मग तो खाणार! आजी भडकल्या होत्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तक्रार ग्रंथालयाच्या अध्यक्षांपर्यंत पोचली. त्यांनी फर्मान काढलं: आबासाहेबांची लेखी परवानगी आणा, नाहीतर येत्या रविवारपासून रंगकाम बंद. वर्षभरात जमवलेली तीस लेकरं एका कागदावर लटकली होती.

*

मी आबासाहेबांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "माझ्या खुनांत लेकरं रंग भरून राहिली?" आणि फोन ठेवला. शनिवारी निरोप आला की उद्या स्वतः येतो.

*

ते आले. हातात काठी, चेहरा दगडाचा. परवानगीचा कागद मी पुढे केला, तो त्यांनी न वाचताच घडी करून खिशात घातला.

त्या दिवशी त्यांचीच सगळ्यात गाजलेली कादंबरी होती. मिरचीच्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांत तिखट फेकून मग त्याचा खून होतो. चित्रात फौजदारापुढे दोघे उभे: गोदामातला गडी आणि व्यापाऱ्याचा शहरी पुतण्या. पुस्तकात उडालेल्या तिखटाने गड्याचे डोळे लाल झालेले दिसतात आणि तोच खुनी ठरतो.

आबासाहेब एकेकाच्या मागे उभे राहून बघत पुढे सरकत होते. वैष्णवीपाशी मात्र थांबले. दहा वर्षांची ही पोरगी मिरचीसाठी प्रसिद्ध भिवापूरहून मावशीकडे शिकायला आलेली. तिने पुतण्याचे डोळे लालभडक केले होते, गड्याचे पांढरेच ठेवले होते.

"चुकलं तुझं," ते म्हणाले. "लाल डोळे गड्याचे."

मी मधे पडणार होते, पण वैष्णवीने मानही वर केली नाही.

"रोज मिरचीत राहणाऱ्याचे डोळे लाल नाही होत, आजोबा. माही माय दिवसभर मिरच्यांचे देठ खुडते, तिले ठसकाबी नाही लागत. मी जवळ गेली का मलेच लागते. ज्यानं कधी मिरचीले हात नाही लावला, त्याचेच होतीन."

आबासाहेब लेकरांच्या बाकावर बसले. तिचं चित्र त्यांनी जवळ ओढलं. आता हे चिडणार, असं वाटून मी अक्षरशः देवाचं नाव घेत होते.

"चाळीस वर्षं झाली," ते म्हणाले, "तो गडी जन्मठेप भोगून राहिला."

वैष्णवी खडू खोक्यात ठेवत म्हणाली, "मंग सोडा नं त्याले."

त्यांनी खिशातून परवानगीचा कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि सही केली. सहीखाली दोन शब्द लिहिले: "गडी निर्दोष."