टोपलीतली रेती

मामाचा फोन आला तेव्हा मी वैनगंगेचा पूल ओलांडून येऊन गडचिरोलीच्या स्टँडवर बसची वाट पाहत होतो. "तुयी मामी गेली," म्हणाला आणि पुढे त्यानं विचारलं, "पुलाखाली पानी किती हाये रे?" बायको गेल्याच्या घटकेला माणूस नदीचं पाणी विचारतो, याचं मला नवल वाटलं नाही. त्या घरात गेली काही वर्षं दुसरं काही विचारलंच जात नव्हतं.

मामा-मामी ढिवर, नदीवर जगणारे मासेमार. उन्हाळ्यात वैनगंगा आटली की पात्रातल्या रेतीवर त्यांची डांगरवाडी, म्हणजे टरबुजाचे वेल. त्याच रेतीवर सुरय पक्षी उघड्यावरच अंडी घालायचे. अंडी दिसली की मामी भोवती तुराट्या रोवायची आणि तेवढी जागा वेलांतून सोडून द्यायची. मामा चिडवायचा, "माह्या जेवनाचा पत्ता नाई, पाखरायचं बाळंतपन आधी." ती म्हणायची, "ते वरडून तरी सांगतेत. तुमी नुसते फुगून बसता."

मग खालच्या अंगाला बंधारा झाला. त्याची दारं पडली की भर उन्हाळ्यात पाणी मागे चढायचं आणि रेती आखडत जायची. एका वर्षी मी तिथंच होतो. सकाळी पाणी तुराट्यांना टेकलं. मामीनं टोपलीत रेती भरली, अंडी ओंजळीनं उचलून तीत ठेवली आणि वरच्या उंचवट्यावर नेऊन जशीच्या तशी मांडली, तुराट्यांसकट. पक्षी मात्र बुडालेल्या जागेवरच घिरट्या घालत राहिले, ओरडत राहिले... नव्या जागेकडे एकही फिरकला नाही. ऊन चढलं तशी मामी पदर पसरून अंड्यांवर सावली करत बसली. संध्याकाळपर्यंत बसली. काही उपयोग झाला नाही.

"नाहीतर बुडालीच असती ना मामी," मी म्हणालो.

"बुडाली असती तं पान्यानं मारली असती. आता म्या मारली."

दारं पाडणारे त्या वेळी पंख्याखाली जेवत असतील, आणि पाप मात्र हिनं आपल्या डोक्यावर घेतलं. मला आजही संताप येतो. पुढच्या वर्षी रेती उघडी पडलीच नाही. डांगरवाडी गेली, सुरय गेले. मामी तरी उन्हाळाभर काठावर जाऊन बसायची. हळूहळू तिचं जेवण सुटलं. डॉक्टरांनी आजाराला काहीतरी नाव दिलं, ते माझ्या लक्षात नाही.

तिला जाऊन महिना होत आला. परवा गेलो तर दाराआड तीच टोपली, तळाशी रेती, बाजूला तुराट्यांची जुडी. झाडून ठेवावी म्हणून मी टोपली उचलली.

"राहू दे," मामा म्हणाला. "रेती उघडी पडन तं लागन."

मी टोपली होती तिथं ठेवली. बाहेर ऐन उन्हाळ्यात नदी काठोकाठ भरलेली होती.