ऑक्टोबरचं पाणी

रोंडा निएमी शाळेची बस चालवायची. ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या त्या लहान गावातली निम्मी तरणी मंडळी तिचा ओरडा खाऊन मोठी झाली होती. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी बस जागेवर लावली की तिची पावलं समुद्राकडे वळायची. सर्फिंगचं, फळीवरून लाटांवर स्वार व्हायचं वेड तिला नवऱ्यानं लावलं. नवरा सोडून गेला, वेड राहिलं.

त्या शरदानं मात्र तिचा अंत पाहिला. उन्हाळी पाहुणे गेले, किनारा मोकळा झाला, आणि नेमक्या लाटाच रुसल्या. आज पाणी ताटासारखं सपाट, तर उद्या दक्षिणेचा वारा सुटून नुसता फेस. घट्ट रबरी पोशाख ओढूनताणून चढवायचा, वाळूत उभं राहून समुद्राला शिव्या घालायच्या आणि क्लेमकडे जाऊन बसायचं, असा क्रम लागला होता.

क्लेम बर्डिक तिचा लाटांवरचा जुना सोबती. बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यात तो बिअर बनवून विकायचा. शरदात स्वतः खोऱ्यात जाऊन नुकत्याच तोडलेल्या हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवट चव देणाऱ्या फुलांची पोती आणायचा आणि त्याच दिवशी उकळत्या टाकीत ओतायचा. ती बिअर वर्षातून एकदाच मिळायची.

"कशी झालीय?" त्यानं विचारलं.

"गवत चघळल्यासारखी." रोंडानं रिकामा ग्लास पुढं सरकवला. "अजून घाल."

"उद्या वारा पडणार म्हणतात. येतेस?"

"नदीच्या मुखाशी अर्धा खाल्लेला सील वाहून आलाय, ऐकलंस ना?"

"म्हातारा होऊन मेला असेल."

"म्हातारपणी अर्धं अंग जातं खरं, पण असं?"

दोघंही हसली. दुसऱ्या दिवशी लाटा खरोखरच आल्या, उंच आणि सरळ. इतक्या दिवसांची उपाशी माणसं, कुठलं थांबतायत! क्लेम मोठ्या लाटांच्या आशेनं खूप आत गेला. रोंडा अलीकडेच फळीवर पाय सोडून बसली. तेवढ्यात धुकं उतरलं आणि किनारा दिसेनासा झाला.

लाट नसताना पाणी फुगलं. फळीला खालून काहीतरी घासलं आणि फळी अलगद फिरली. रोंडानं खाली पाहिलं. तिच्या पावलांखालून एक करडं, रुंद अंग चाललं होतं. सावकाश. संपतच नव्हतं.

तिनं पाय वर ओढले. मागून एक छान लाट येत होती. तिच्यावर पोट टेकलं असतं तर थेट वाळूवर. पण धुक्यात कुठंतरी क्लेमची शीळ वाजत होती. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

तिनं ती लाट जाऊ दिली.

हाक मारायचाही धीर होईना. ती फळीवर पालथी पडली आणि हातांनी पाणी मारत शिळेच्या आवाजाच्या रोखानं निघाली. दर वेळी हात पाण्यात जायचा तेव्हा वाटायचं, हा आता परत येणार नाही. ती रडत होती, तेही आवाज न करता.

"क्लेम, पाय वर घे."

"काय गं? लाट सोडलीस की—"

"पाय वर घे, मेल्या!"

तिचा चेहरा पाहून त्यानं पाय वर ओढले. फळ्या एकमेकींना चिकटवून, पाणी न उडवता दोघं निघाली. अखेर एका लाटेनं त्यांना उचलून वाळूवर टाकलं. धुकं जरा विरळ झालं तेव्हा क्लेम मघाशी बसला होता त्या बाजूला शार्कचा काळा, त्रिकोणी पर वर आला, वळला आणि बुडाला.

कारखान्यात क्लेमनं तिच्या हातात ग्लास दिला. तिचे दात काचेवर वाजत होते. बिअर पाण्यासारखी लागली.

"ओंडका असेल, रोंडा!" कोपऱ्यातून कुणीतरी टोमणा मारला.

"बाहेर हो," क्लेम म्हणाला. एवढंच.

त्यानंतर कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या अशा लाटा रोज येत राहिल्या. रोंडा गाडीत बसून काचेतून बघायची. बस नदीच्या मुखावरच्या पुलावर आली की तिचे तळहात घामेजायचे. क्लेमला कुणी पाण्यात बोलावलं की तो म्हणायचा, टाकी धुवायचीय.

शेवटी तिनंच तोंड उघडलं. "मला भीती वाटते रे. झोपेतसुद्धा पाय जवळ घेते मी."

क्लेम फडक्यानं कोरडाच ग्लास पुसत राहिला. "टाकी केव्हाच धुऊन झालीय," तो म्हणाला.

नोव्हेंबरच्या एका दुपारी दोघं कमरेइतक्या पाण्यात शिरली. पोरंटोरं खेळतात तिथं, फेसात. रोंडानं एक लाट पोटावर घेतली, वाळूला लागली आणि धडपडत उठून आधी मागं पाहिलं. पाणी करडं होतं, खालचं काही दिसत नव्हतं.

"पुरे?" क्लेमनं विचारलं.

ती पुन्हा लाटांकडे वळली. "अजून एक," ती म्हणाली, "पण तू माझ्या जवळ उभा राहा."