आवाज मागून येतो

माझ्या धाकट्या दिराइतका चोखंदळ माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या वहिनीचं कसं चाललंय ते तिलाच ठाऊक. हा माणूस भाजी घेताना एकेक वांगं कानाशी धरून वाजवून बघतो. शर्टाचं कापड घ्यायला गेला तर दुकानदाराला ते आधी भिजवायला लावतो. बायको गेली, नोकरी संपली, आणि सगळा चोखंदळपणा येऊन पडला तो कीबोर्डवर. धामणगावच्या आमच्या भजनी मंडळात तो आधी पेटी वाजवायचा, मग कीबोर्ड वाजवू लागला. तेवढ्यावर थांबला असता तर मी लिहायला बसले नसते. पण एक दिवस नवाच कीबोर्ड घेऊन आला आणि म्हणाला, ह्याच्यातून आवाज निघत नाही. मी म्हटलं, "मंग घेतला कायले?" तर म्हणे, "वहिनी, हा फक्त बोट कुठं पडलं ते सांगते. आवाज लॅपटॉपातलं सॉफ्टवेअर काढते, अन् तो स्पीकरपर्यंत हा डबा नेते." डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस, साबणाच्या दोन वड्यांएवढा. एका पेटीचं काम करायला तीन वस्तू, आणि त्यांना जोडायला वायरींचा गुंता! कणीक मळता मळता माझा हात थांबला.

पुढे जे पाहिलं त्यापेक्षा ते बरं होतं. डबा पसंत पडेपर्यंत दुकानातून परत करायच्या बोलीवर आणायचा, ही त्याची रीत. "बैल घेताना जुंपून पाह्यतात का नाई? तसंच," असं त्याचं म्हणणं. ऐन उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या, आणि वर जाऊन पाहते तर कुरडयांच्या रांगेत एक लॅपटॉप आणि डबा, आणि हा छत्री घेऊन बाजूला बसलेला. छत्री स्वतःला, लॅपटॉपला नाही. "मांडवात गरम होते ना वहिनी, तवा टिकला पाह्यजे." लॅपटॉप तापला आणि स्पीकरमधून पापड तळल्यासारखा आवाज यायला लागला. तो डबा नापास. दुसरा डबा त्याने नांदुऱ्याहून एसटीच्या मागच्या सीटवर बसून मांडीवर आणला, हादरे सोसतो का ते बघायला. डब्याने सोसले, ह्याची कंबर धरली. सॉफ्टवेअरचीही तीच तऱ्हा. एकात समुद्राच्या लाटा होत्या, एकात गोऱ्या बायांचा कोरस. ज्यात पेटीचा सूर सगळ्यात खरा, ते नेमकं इंटरनेटशिवाय उघडेना. घरी वायफाय, म्हणून घरी छान चाललं. देवळात रेंज नाही. मंडळी टाळ घेऊन बसलेली, आणि माझा दीर लॅपटॉप डोक्यावर धरून देवळाच्या स्लॅबवर फिरतोय, वरून ओरडतोय, "येऊन राह्यलं, येऊन राह्यलं!" बाया पदर तोंडात धरून हसत होत्या. मला हसू आलं नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस, स्लॅबला कठडा नाही.

पण खरी कटकट वेगळीच होती. बोट आधी पडायचं, आवाज मागून यायचा. केसभरच, पण भजनात केसभर म्हणजे पुष्कळ. सॉफ्टवेअरमध्ये म्हणे एक आकडा असतो. तो मोठा ठेवला की आवाज उशिरा येतो, लहान केला की आवाज फुटतो. हा रोज तो आकडा खालीवर करायचा आणि मला टाळी वाजवायला बसवायचा. मी चौथीपर्यंत शिकले, पण टाळ लहानपणापासून वाजवते. माझी टाळी चुकत नाही. डबा बदलला, सॉफ्टवेअर बदललं, तरी आवाज मागेच. शेवटी मंडळाचे बुवा सगळ्यांदेखत बोलले, "भाऊ, येत्या एकादशीले जमलं तर ठीक. नाई तर नांदुऱ्याचा वाजवणारा सांगून ठेवतो." त्या दिवशी तो आमच्याकडे जेवला नाही. बायको गेल्यापासून चार माणसांत बसायची त्याला तेवढी एकच जागा होती.

एकादशीच्या आदल्या दुपारी लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरीही बसली. हात शिवशिवत होते म्हणून त्याने आमच्या घरच्या फळीवरून मंडळाची जुनी पेटी काढली आणि म्हणाला, "वहिनी, टाळी धरा." मी धरली. पेटीला ना वायर, ना आकडा, ना डबा. तरी माझी टाळी पुढे आणि त्याचा सूर मागे. केसभरच, रोजच्याइतका. त्यालाही कळलं. भाता हलवायचा थांबला. बोटं उघडमीट करून पाहिली. मग म्हणाला, "तुमी घाईनं तर नाई वाजवून राह्यल्या?"

"नाई," मी म्हटलं. कुणाचं मन राखणं मला जन्मात जमलेलं नाही.

त्याने पेटी पुसली, फळीवर ठेवली आणि चहा न घेता गेला.

एकादशीला वाटलं, येणार नाही. आला. सगळा गुंता घेऊन आला, तिसरा की चौथा डबा, एकच साधा सूर असलेलं, इंटरनेट न मागणारं सॉफ्टवेअर. मी बायांच्या रांगेतून उठले आणि पुढे जाऊन बसले. "आज टाळ मी धरते," म्हटलं. बुवा म्हणाले, "धरा काकू." मी तालाकडे पाहिलं नाही, दिराच्या बोटांकडे पाहिलं. ती पडली की मगच टाळ टाकला. पखवाजवाल्याने एकदा डोळे वटारले, मी दुप्पट वटारले, मग तोही आला मागून. सगळं देऊळ केसभर थांबून थांबून गात होतं.

उठताना बुवा म्हणाले, "आज लय निवांत झालं भजन. भाऊ, पुढल्या एकादशीले बी येजा."

मंडळी पांगली. दीर खाली मान घालून वायरी सोडवत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सापडला वहिनी. ह्या डब्यात उशीर अजिबात नाई."

मी त्याच्या शेजारी बसले आणि वायरीचं दुसरं टोक धरलं.

"मंग हाच ठेवा भाऊजी," म्हटलं. "आता बदलू नोका."