नर्मदाकाकीच्या हातचं बी

तळेऱ्याकडून आत वळलं की नर्मदाकाकीचं गाव लागतं. गावात कोणाला दोडका लावायचा असो की वाल, बी मागायला माणूस काकीच्याच पडवीत येतो. तिच्या हाताला गुणच तसा! हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे ती लपवतही नसे.

मागे एकदा तिच्या सुनेने, स्वप्नाने, हायब्रीड मक्याचं पाकीट आणलं. भात कापून झालं होतं. काकीने उंच, जुन्या माडांखालची मोकळी जमीन खणायला घेतली. शेजारचा महादू कुंपणावरून हसला, "काकी, माडाखाली मको? कणसा खंयची, नुसती पाना खातलंस!"

काकी आधी नुसतं ऊन बघत बसली. सकाळी कुठे पडतं, दुपारी कुठे सरकतं. मग ऊन पोचतं तिथेच, माडांच्या बुंध्यांपासून लांब, विरळ पेरलं. कणसं अशी भरली की महादूने भाजलेली दोन कणसं तिथेच संपवली. शेवटी म्हणाला, "म्होरच्या साली माका पण बियाणा दी."

झालं! काकीने निवडक कणसं चुलीवर धुरात टांगली. स्वप्ना म्हणाली, "आई, हायब्रीडचा बियाणा धरूचा नसता. परत तसा पीक येवचा नाय."

"घरात बी नाय ती शेतकरीण कसली गो?"

पण दुसऱ्याला द्यायचं बी आधी स्वतः पेरून बघायचं, हा काकीचा जुना नेम. उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर तिने एक ओळ आपल्या बियांची घातली, शेजारी एक पाकिटात उरलेल्या बियांची. पाकिटाची ओळ एकसारखी वाढली. काकीच्या ओळीत एक ताट उंच, दुसरं ठेंगणं, आणि कणसं बोळक्या तोंडासारखी. तिने आधी सावलीवर ढकलून बघितलं. पण शेजारची ओळही त्याच सावलीत होती.

काकीला फार लागलं. मका गेला तर गेला, पण आता महादूला नाही म्हणावं लागणार होतं. तिच्या पडवीतून आजवर कोणी रिकाम्या हाताने गेलं नव्हतं.

भात कापून झालं तसा महादू आलाच. काकी खाली बघत म्हणाली, "माझ्याकडे नाय रे. ह्या बियाणा एकाच वर्साचा. दुकानातला आण."

महादू गेला. काकीला जेवण गोड लागलं नाही. 'मी सांगितलं होतं' असं स्वप्ना एकदाही म्हणाली नाही, पोर खरंच गुणाची.

दुसऱ्या दिवशी महादू परत हजर, हातात बंद पाकीट. ते त्याने काकीच्या हातात ठेवलं आणि खांद्यावरचा टॉवेल तिच्यापुढे पसरला.

"आता दी."

"अरे, तुझाच तर बियाणा ह्या!"

"आसांदे. पण पेरूचा तुझ्या हातचा."

काकीने पाकीट फोडून सुपात ओतलं आणि नेहमीसारखी ओंजळ भरली. डोळे भरून आले होते, म्हणून ती त्याच्यावर खेकसली, "माडाच्या मुळात घालू नको हां! आदी ऊन बघ."

"व्हय गो काकी," महादू म्हणाला.